गावरान कोंबडीची पैदास घरच्या घरी : कोंबडा निवडण्यापासून तलंगा वेगळ्या काढण्यापर्यंत

खुडूक (अंडी उबवायला बसू पाहणाऱ्या) कोंबडीखाली पंधरा-सोळा अंडी ठेवली, सहा-सात पिल्लं निघाली आणि महिन्याभरात अंगणात दोनच उरली, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. खापर बहुतेक वेळा कोंबडीवर फुटतं. हिला नीट बसताच येत नाही म्हणे. प्रत्यक्षात कोंबडी आपलं काम चोख करते. चुका आपल्या असतात, आणि त्यातल्या निम्म्या ती अंड्यांवर बसायच्या आधीच होऊन गेलेल्या असतात.

हा लेख दहा-वीस गावरान कोंबड्या परसात मोकळ्या सोडणाऱ्यांसाठी आहे. अंडी उबवायचं मशीन आणि बंदिस्त शेडचा हिशेब वेगळा, तो इथे नाही. हंगाम धरायचा तो दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा. उन्हाळ्यात कोंबडा मंदावतो आणि साठवलेली अंडी उकाड्यानेच बिघडतात. पावसाळ्यात ओलीमुळे पिल्लांना रक्ती हगवण लागते.

टप्पा १ : कोंबडा आणि कोंबड्या आधी ठरवा

गावरान कळपात एक लाल, एक काळी, एक कबरी, एखादी उघड्या मानेची अशी सरमिसळ असतेच. ती तशीच राहू द्या. सगळ्या एका रंगाच्या करायच्या नादात चांगल्या बसणाऱ्या, पिल्लं सांभाळणाऱ्या कोंबड्या हातच्या जातात. रंगावरून निवड करूच नका.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे वजन वाढावं म्हणून वनराज, गिरिराज किंवा कावेरीचा कोंबडा कळपात सोडणं. या सुधारित जाती आपापल्या जागी चांगल्या आहेत, अंड्यांसाठी त्या वेगळ्या पाळायला हरकत नाही. पण त्यांच्यात खुडूक बसण्याची सवय फारशी उरलेली नाही. संकराची पहिली पिढी अंगाने भरते, मालक खूश होतो, आणि पुढे तिच्या पोरी चार दिवस बसून उठतात. मग मशीन विकत घ्यावं लागतं. बाजारात ‘गावरान’ म्हणून टोपलीभर एकसारखी, एका वयाची पिल्लं विकायला येतात, त्यांच्याबद्दलही शंका घ्या. खरा गावरान माल हवा असेल तर आतल्या गावातून अंडी आणा आणि आपल्या कोंबडीखाली बसवा. जिवंत पक्ष्याबरोबर जेवढे रोग येतात तेवढे अंड्याबरोबर येत नाहीत.

आठ ते दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. मात्र पुरतो म्हणून एकच ठेवू नका. एक कोंबडा आणि दहा कोंबड्या असा अकरा जिवांचा कळप रक्ताच्या हिशेबाने जेमतेम चार जिवांइतकाच भरतो, कारण सगळ्या पिल्लांचा बाप एक. तीन कोंबडे ठेवले तर तेरा जिवांचा कळप नऊ जिवांइतका होतो. तिघं भांडतील, पण जागा मोकळी असेल आणि तिघं एकत्र वाढलेले असतील तर आठवड्याभरात आपसात ठरवून घेतात.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. कोंबडा बदलला म्हणजे दुसऱ्या दिवसापासून अंडी नव्या कोंबड्याची झाली, असं धरलं जातं. ते खरं नाही. जुन्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन ते तीन आठवडे टिकतं आणि तोवरच्या अंड्यांतून त्याची पिल्लं निघू शकतात. म्हणून जुना कोंबडा काढल्यावर तीन आठवड्यांची अंडी खायला वापरा, बसवू नका. शिवाय नवा कोंबडा आणल्यावर त्याला आधी दोन-तीन आठवडे कळपापासून लांब ठेवावं लागतं, म्हणजे त्याने आणलेला आजार कळपात शिरत नाही. हा सगळा हिशेब सणांवर नीट बसतो. पितृपक्ष लागताना कोंबडा आणा, नवरात्र संपेपर्यंत वेगळा ठेवा, दसऱ्याला जुना काढून हा सोडा आणि दिवाळीपासून अंडी गोळा करायला घ्या.

*तपासून घ्या :* कोंबड्याचा तुरा लालभडक, पाय सरळ, नाकाडोळ्यांतून पाणी नाही. मूठभर दाणे टाका. स्वतः आधी गिळत सुटणाऱ्यापेक्षा आवाज देऊन कोंबड्यांना बोलावणारा घ्या.

*सावधान :* कळपात उलट्या पिसांचे पक्षी असतील तर उलट्या पिसांच्या कोंबडीला तसलाच कोंबडा देऊ नका. काही पिल्लांची पिसं इतकी ठिसूळ निघतात की ती उघडीबोडकी राहतात.

टप्पा २ : अंडी गोळा करणं आणि साठवणं

तलंगेची (नुकत्याच अंड्यावर आलेल्या तरण्या कोंबडीची) पहिली तीन-चार आठवड्यांची अंडी बारकी असतात, ती सोडा. फार मोठं (त्यात दोन बलक असू शकतात), खरखरीत, पातळ कवचाचं किंवा कडं उमटलेलं अंडंही नको. साधारण ३५ ते ४५ ग्रॅमचं, एका बाजूला स्वच्छ टोक असलेलं अंडं बसवायला घ्या.

अंडी दिवसातून दोनदा उचला. खुराड्यात खूण केलेलं एक अंडं तसंच राहू द्या, नाहीतर कोंबडी जागा बदलते आणि पुढची अंडी कुंपणात घालते. प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने तारीख लिहा. मार्करची शाई नको, कवचाला बारीक छिद्रं असतात.

अंडी धुवायची नाहीत. कवचावर एक पातळ साय असते, ती धुतली की घाण आत जायला वाट मोकळी होते. फार मळलेलं अंडं सरळ खायला काढा. फ्रिजही नको, तिथली थंडी गर्भाला सोसत नाही. आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर, चुलीच्या वरच्या कोनाड्यात तर मुळीच नको. अंड्याला विशीच्या वर तापमान लागलं की गर्भ हळूहळू वाढू लागतो, रात्री गारठा पडला की थांबतो, आणि असं दोन-चार वेळा झालं की मरतो. नंतर ते ‘गाभण नव्हतंच’ म्हणून फेकलं जातं.

घरात जमणारा उपाय सोपा आहे. घमेल्यात वाळू भरून ओली करा, त्यात रुंद तोंडाचं मडकं बसवा, आत कोरडा पेंढा घाला आणि अंडी निमुळतं टोक खाली करून मांडा. वर सुती फडकं. वाळू रोज ओली करायची, पेंढा मात्र कोरडाच राहिला पाहिजे. थंडीत अशी अंडी सात दिवसांपर्यंत चालतात, मार्चनंतर चार-पाच दिवसांतच बसवा. लांबून आणलेली अंडी टोक खाली ठेवून रात्रभर स्थिर राहू द्या, मगच कोंबडीखाली.

टप्पा ३ : कोंबडी खरंच खुडूक आहे का?

दुपारी खुराड्यात बसलेली प्रत्येक कोंबडी खुडूक नसते. हात जवळ नेल्यावर जी पिसं फुलवून कुरकुरते, चोच मारते पण उठत नाही, आणि रात्रीही दांडीवर न जाता तिथेच राहते, ती खरी. पोटाखाली हात घाला. तिथली पिसं गळून कातडी उघडी पडलेली असते आणि हाताला चांगली गरम लागते.

तरीही लगेच चांगली अंडी देऊ नका. दोन दिवस तिला दोन-तीन टाकाऊ अंड्यांवर बसवून पाहा. टिकली तर बसवा. पहिल्यांदाच खुडूक झालेल्या तलंगेला थोडी कमी अंडी द्या, महागाची किंवा लांबून आणलेली अंडी तर देऊच नका.

*तपासून घ्या :* पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी पिसं फुंकरून बघा. उवा-लिखा दिसल्या तर आधी त्या घालवा, त्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यातून मिळणारी पावडर आठवडाभर आधी वापरा. बसलेली कोंबडी मातीत लोळायला फारशी जात नाही, त्यामुळे एकदा उवा वाढल्या की दहाव्या-बाराव्या दिवशी वैतागून अंडी सोडते. लोक म्हणतात, नजर लागली.

बसवायची नसेल तर खुडूक मोडायला नाकात पीस ओवणं किंवा पाण्यात बुचकळणं हा निव्वळ छळ आहे. तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, जमिनीपासून उचलून, उजेडात तीन-चार दिवस ठेवा. पोटाला खालून वारा लागला की खूड उतरते. दाणापाणी तोडायचं नाही.

टप्पा ४ : टोपली भरणं

जागा अंधारी, कोरडी, हवेशीर हवी आणि बाकीच्या कोंबड्यांचा वावर नको. खोलगट टोपली, जुनं घमेलं किंवा फुटक्या माठाचा खालचा अर्धा भाग, काहीही चालेल. तळाला चार बोटं माती घालून मधोमध किंचित खळगा करा, त्यावर राखेचा पातळ थर, वर हाताने चोळून मऊ केलेला पेंढा. खळगा उथळच ठेवा. खोल झाला तर अंडी एकावर एक चढतात, सपाट राहिला तर कडेला घरंगळून गार पडतात. बुरशीचा वास येणारा पेंढा वापरू नका.

मुंग्यांचा बंदोबस्त आत्ताच करा. अंड्याला पहिली चीर पडल्यावर आतला ओला जीव मुंग्यांना सापडला तर एका रात्रीत सगळी पिल्लं जातात. टोपली विटांवर ठेवून भोवती राखेचं कडं करा, किंवा चौरंगावर ठेवून चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करा. वाट्यांतलं पाणी आटू देऊ नका.

आभाळ गडगडलं की अंडी नासतात म्हणून काही घरांत टोपलीत लोखंडाचा खिळा ठेवतात. ठेवा, त्याने बिघडत काही नाही. पण छप्पर गळतंय का तेही बघा.

टप्पा ५ : अंडी बसवणं

सव्वा ते दीड किलोच्या गावरान कोंबडीखाली दहा ते बारा अंडी. थंडीत दहाच. सोळा ठेवली तर चार अंडी पंखाबाहेर राहतात, आणि कोंबडी रोज अंडी फिरवत असल्यामुळे दरवेळी वेगळी चार बाहेर येतात. म्हणजे चारच गार पडतात असं नाही, पाळीपाळीने सगळीच पडतात. सोळा अंड्यांतून पाच पिल्लं निघण्याचं हे मोठं कारण आहे.

सगळी अंडी एकाच वेळी ठेवायची, रोज एक-एक वाढवत जायचं नाही. काम रात्री करा. अंधारात कोंबडी शांत असते, जागा बदलली तरी सकाळपर्यंत रुळते. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने मोठी फुली मारा. दुसऱ्या कोंबडीने येऊन त्यात अंडं घातलं तर बिनफुलीचं लगेच ओळखू येतं, ते त्याच दिवशी काढा.

जमलं तर दोन कोंबड्या एकाच रात्री बसवा. त्याचा फायदा पुढच्या टप्प्यात दिसेल.

टप्पा ६ : एकवीस दिवस

कोंबडी दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटं उठते. त्या वेळात तिला दाणा, पाणी आणि लोळायला राख-माती जवळच मिळाली पाहिजे. ज्वारी किंवा मका अख्खा द्या, तो पोटात जास्त वेळ टिकतो. काही कोंबड्या उठतच नाहीत. त्यांना रोज ठरल्या वेळी दोन्ही हातांनी अलगद उचलून बाहेर ठेवा. उचलताना आधी पंखाखाली हात फिरवा, एखादं अंडं अडकलेलं असतं आणि वर उचलल्यावर पडून फुटतं.

सातव्या रात्री अंडी पाहायची. पुठ्ठ्याला अंड्याच्या बुडापेक्षा लहान भोक पाडा, मागे मोबाइलची बॅटरी धरा, भोकावर अंड्याची रुंद बाजू टेकवा आणि खोलीत अंधार करा. आत एक गडद ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या फाकलेल्या लाल शिरा दिसल्या तर पिल्लू जिवंत आहे. नीट पाहिलं तर ठिपका हलताना दिसतो. आत नुसतं पिवळसर, स्वच्छ दिसलं तर अंडं रिकामं. शिरा नाहीत आणि लाल कडं तेवढं आहे, तर गर्भ सुरुवातीलाच मेला. तपकिरी, जाड कवचात नीट कळलं नाही तर अंडं फेकू नका, दहाव्या दिवशी पुन्हा पाहा.

निकाल नीट वाचा. बारांपैकी सात-आठ रिकामी असतील तर दोष कोंबड्याचा किंवा कोंबडे कमी पडल्याचा. लाल कडी जास्त असतील तर साठवण चुकली. पुढच्या वेळी काय सुधारायचं ते इथेच कळतं, म्हणून आकडे लिहून ठेवा.

दोन कोंबड्या एकाच रात्री बसवल्या असतील तर दोघींची चांगली अंडी एकीखाली आणा, बारापर्यंतच, आणि दुसरीला ताज्या अंड्यांवर बसवा. काढलेली अंडी कच्ची खुराड्यापाशी फोडू नका, कोंबड्यांना अंडी खायची चटक लागते. मग ती सवय मोडत नाही.

*सावधान :* अठराव्या दिवसानंतर अंडी हलवणं, पाहणं, मोजणं बंद. हवा फार कोरडी असेल, विदर्भ-मराठवाड्यात असतेच, तर या दिवसांत टोपलीच्या तळाच्या मातीत कडेने थोडं कोमट पाणी सोडा. अंड्यांवर शिंपडू नका.

टप्पा ७ : पिल्लं बाहेर येताना

विसाव्या दिवशी आतून चिवचिव ऐकू येते, मग चीर पडते. पहिल्या चिरेपासून पिल्लू बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास सहज लागतात. मध्ये काही तास काहीच होत नाही, आणि नेमकी तेव्हा आपली बोटं शिवशिवतात. कवच सोलू नका. त्या वेळात पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं आणि आतल्या पापुद्र्यातल्या शिरा अजून चालू असतात. ओढलं की रक्त येतं.

आधी निघालेली पिल्लंही आईखालून काढू नका. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस दाण्याशिवाय राहतात. उचलून घेतली तर कोंबडी त्यांच्या आवाजामागे उठते आणि मागची अंडी गार पडतात. रिकामी कवचं तेवढी हलकेच काढा. तेविसाव्या दिवशी उरलेली अंडी उजेडावर पाहून निकाल लावा.

टप्पा ८ : पहिले आठ आठवडे

अंगणातली निम्मी पिल्लं जातात ती याच काळात. पहिले दोन आठवडे आई आणि पिल्लं डालग्याखाली (पालथ्या घातलेल्या मोठ्या टोपलीखाली) ठेवा. डालगं रोज कोरड्या, नव्या जागेवर सरकवा, वर दगड ठेवा. मांजर आणि मुंगूस खालून पंजा घालतात, म्हणून कडेला फट नको. नंतर बाहेर सोडताना आधी ऊन वर येऊ द्या, दवाने भिजलेलं पिल्लू दुपारपर्यंत टिकत नाही. घारीपासून आसरा म्हणून तुराट्यांचे दोन-तीन ढीग अंगणात टाका.

पाणी उथळ बशीत द्या आणि बशीत खडे घाला, नाहीतर पिल्लं त्यात पडून गारठतात. दाण्याबाबत सर्रास चूक होते ती अशी, की महिनाभर नुसती तांदळाची कणी दिली जाते. कणीने पोट भरतं, पण अंग धरत नाही, पिसं उशिरा येतात. पहिला महिना चिक स्टार्टर (पिल्लांसाठीचं तयार खाद्य) द्या, निदान कणीच्या निम्मं तरी. वाळवी लागलेलं लाकूड त्यांच्यापुढे फोडलं तर उत्तमच, फक्त त्यावर औषध मारलेलं नसावं.

रोज संध्याकाळी पिल्लं डालताना प्रत्येकाचं बूड पाहा. शी चिकटून वाट बंद झाली असेल तर कोमट पाण्याने भिजवून सोडवा, कोरडी ओढू नका. तिसऱ्या आठवड्यापुढे विष्ठेत रक्त दिसलं, पिल्लं पंख पाडून उभी राहिली, तर रक्ती हगवण समजा. जागा लगेच बदला आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लसी अशा : ५ ते ७ दिवसांत लासोटा (मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लस), डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची लस. पिल्लं चार आठवड्यांची झाली की लासोटा पुन्हा. सहाव्या आठवड्यात देवीची लस. आठव्या आठवड्यात आरटूबी, ही मानमोडीचीच पण टोचायची लस असते. तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचं वेळापत्रक थोडं वेगळं असेल तर तेच धरा. मानमोडी गावात आल्यावर धावपळ करून उपयोग नाही, लस आधीच झालेली हवी.

अडचण अशी की एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांचा डोस असतो आणि कालवल्यावर ती दोन तासांत संपवावी लागते. बारा पिल्लांसाठी कोण बाटली फोडणार, म्हणून लस राहूनच जाते. आळीतल्या चार-पाच घरांनी कोंबड्या एकाच आठवड्यात बसवल्या तर लसीची तारीखही एक होते आणि खर्च वाटला जातो. लस बर्फात आणा, खिशात नाही. आजारी, सुस्त पिल्लाला त्या दिवशी लस देऊ नका.

आई साधारण दोन महिन्यांनी पिल्लांना टोचून लांब करते. तिला लवकर अंड्यावर आणायचं म्हणून महिन्यातच पिल्लं तोडली तर रात्रीची ऊब आणि घारीपासूनची राखण दोन्ही तुम्हाला करावी लागेल. ती तयारी नसेल तर घाई करू नका.

टप्पा ९ : निवड

चार-पाच महिन्यांनी नर-मादी स्पष्ट दिसतात. आखाडात गिऱ्हाईक दारात येतं आणि बोट दाखवतं ते सगळ्यात उमद्या कोंबड्याकडे. भावही त्यालाच. तो जातो, आणि मागे राहिलेला किरकोळ कोंबडा पुढच्या पिढीचा बाप होतो. असं वर्षानुवर्षं झालं की कळप बारीक होत जातो आणि ‘गावरान आता पहिल्यासारखी राहिली नाही’ असं आपणच म्हणतो. विकायला काढण्याआधी तीन कोंबडे पायात कडी घालून बाजूला करा. कडी घातलेला कोंबडा विकायचा नाही, पाहुणा आला तरी कापायचा नाही. कडी वाढत्या पायात रुतत नाही ना, हे महिन्यातून एकदा बघा.

तलंगा निवडताना त्यांची आई बघा. जिने जास्त पिल्लं मोठी केली तिच्या पोरी ठेवा. त्यासाठी वही लागते. प्रत्येक कोंबडीची किती अंडी बसवली, किती रिकामी निघाली, किती पिल्लं बाहेर आली आणि आठ आठवड्यांनी किती उरली, एवढे चारच रकाने पुरेत. गावरान तलंग साधारण सहा-सात महिन्यांनी अंड्यावर येते, तोवर थांबा, आधीच नापास करू नका.

घरचेच कोंबडे घरच्याच तलंगांवर किती दिवस ठेवणार? तीन घरांनी मिळून कोंबडे फिरवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. मादी ज्या घरी जन्मली तिथेच राहते, नर पुढच्या घरी जातात : पहिल्याचे दुसऱ्याकडे, दुसऱ्याचे तिसऱ्याकडे, तिसऱ्याचे पहिल्याकडे. दरवर्षी दिशा तीच ठेवा. एका वर्षी जरी उलट फिरवलं, तरी भाचा आत्याच्या कळपात जाऊन बसतो.